सावंतवाडीत घेतलेला लाकडी भारत: सहा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरते. तिच्यासाठी आम्ही सावंतवाडीच्या मोती तलावापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका खेळण्यांच्या दुकानातून भारताचा लाकडी नकाशा विकत घेतला. राज्यांचे सुटे तुकडे आपापल्या खाचेत बसवायचे आणि मग प्रत्येक राज्याच्या राजधानीच्या भोकात एक लाल खुंटी रोवायची, असे त्याचे स्वरूप आहे. किंमत 1,650 रुपये पडली. एप्रिलच्या अखेरीस नकाशा वाचनालयात आला आणि तेव्हापासून मे महिन्याची सुट्टी, मृगापासून दसऱ्यापर्यंतचा पाऊस आणि पाचवी ते आठवीच्या वीसएक मुलांची रोजची हाताळणी असे सगळे त्याने सोसले आहे. मी 31 वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे वस्तू खेळण्यांच्या दुकानातली असली, तरी हे परीक्षण मी शिकवण्याचे साधन म्हणून लिहीत आहे.

प्रथम वस्तूविषयी. पाट साधारण 70 सेंटिमीटर उंच असून त्यावर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा नकाशा 64 सेंटिमीटरांत बसवला आहे. देशाची दक्षिणोत्तर लांबी सुमारे 3,200 किलोमीटर धरली, तर एका सेंटिमीटरात 50 किलोमीटर असे सोयीचे प्रमाण निघते आणि सहावीतील मुलेही पट्टी लावून अंतरे काढू शकतात. हे प्रमाण निर्मात्याने जाणूनबुजून ठरवले असावे, असे मला वाटते, पण पाटावर त्याचा उल्लेख कुठेही नाही. तो असायला हवा होता. सावंतवाडीची पारंपरिक खेळणी आणि फळे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची असतात. हा नकाशा मात्र प्लायवूडचा आहे, आणि घेताना ते नीट समजून घ्यावे. रंगकाम चांगले आहे. सहा महिन्यांत कडांचे रंग थोडे उडाले, पण पृष्ठभाग तसाच आहे. नावे सुबक देवनागरीत आहेत आणि ऐझॉल, आगरताळा, इटानगर, गंगटोक ही ईशान्येकडील नावे एकदाही चुकलेली नाहीत. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नकाशांवर नावे केवळ इंग्रजीत असतात, त्यामुळे ही गोष्ट मला मोलाची वाटते.

भिंतीवरचा कागदी नकाशा आणि हातात घेण्याचा नकाशा यांतला फरक पहिल्याच दिवशी कळला. कागदावर महाराष्ट्र हा एक रंग असतो, येथे तो एक वजन आहे. राजस्थानचा तुकडा उचलायला मुले दोन्ही हात पुढे करतात, गोव्याचा तुकडा चिमटीत येतो. गोवा उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सुमारे 105 किलोमीटर, म्हणजे पाटावर दोन सेंटिमीटरांहून किंचित जास्त. महाराष्ट्राच्या तुकड्याची पश्चिमेकडची कड, म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधले आपले सारे कोकण, रुंदीला जेमतेम करंगळीएवढे भरते. त्या करंगळीएवढ्या पट्टीच्या तळाशी आपला सिंधुदुर्ग आहे, हे मुलांना दाखवल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही.

त्यानंतर पाचवीतल्या एका मुलीने गोव्याचा तुकडा हातात धरून विचारले, "बाई, आपली राजधानी पणजी कित्याक नाय?" हा प्रश्न तिला सुचणे स्वाभाविक होते. आमच्या गावातून पणजी दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे, तर मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. घरात कोणाचे आजारपण गंभीर झाले, तर गाडी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळते. बाजारहाट, नोकरी, सोयरीक या सगळ्यांसाठी सीमेपलीकडे जाणे-येणे चालू असते. मग राजधानी एवढी लांब का, याचे उत्तर नकाशाच्या पाटावर लिहिलेले नाही, पण तो प्रश्न पाटामुळेच निर्माण झाला. शिकवण्याच्या साधनाकडून यापेक्षा अधिक मागू नये.

मी तिला उत्तर दिले ते ओरोसचे उदाहरण घेऊन. 1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तेव्हा जिल्ह्याचे मुख्यालय ना मालवणला आले, ना वेंगुर्ल्याला, ना सावंतवाडीला. कुडाळ आणि कणकवली यांच्यामधल्या ओरोसच्या माळावर सिंधुदुर्गनगरी वसवली गेली. सावंतवाडी तर 1948 पर्यंत स्वतःच एका संस्थानाची राजधानी होती आणि ते संस्थान विलीन झाल्यावर ती तालुक्याचे ठिकाण झाली. ज्या तलावाच्या काठावरून आम्ही हा नकाशा आणला, त्याच तलावाच्या काठी राजवाडा उभा आहे. मुलांनी तो कितीदा तरी पाहिलेला आहे, पण राजधानीपण येते आणि जातेही, हे त्यांना त्या दिवशी प्रथम उमगले. राजधानी म्हणजे सर्वांत मोठे शहर नव्हे आणि सर्वांत जवळचे शहरही नव्हे. राज्यकारभार जेथून चालवायचा असे ठरते, ते ठिकाण म्हणजे राजधानी. एकदा ओरोस समजले, की अहमदाबाद असताना गांधीनगर का, इंदूर असताना भोपाळ का आणि गुवाहाटीच्या पोटातले दिसपूर हे वेगळे नाव कशासाठी, हे प्रश्न सोपे होतात.

आता खुंट्यांविषयी, कारण या नकाशाचे खरे गुण आणि खरी उणीव दोन्ही त्यांत आहेत.

चंदीगडचे क्षेत्रफळ केवळ 114 चौरस किलोमीटर, म्हणजे या प्रमाणात दोन मिलिमीटरांचा ठिपका. त्याचा तुकडा करणे शक्यच नव्हते. निर्मात्याने तेथे पंजाब आणि हरियाणा यांच्या सांध्यावर एक भोक पाडले आहे आणि त्याच्यासाठी तीन पट्ट्यांची एक वेगळी खुंटी दिली आहे: एक पट्टा पंजाबच्या रंगाचा, एक हरियाणाच्या आणि एक कोऱ्या लाकडाचा. दोन राज्यांची राजधानी एकच असून ते शहर त्या दोहोंपैकी एकाचेही नाही, तर केंद्रशासित आहे, ही गोष्ट परिच्छेदभर समजावूनही मुलांच्या लक्षात राहत नाही. या एका खुंटीने ती दोन मिनिटांत समजली. फाळणीत लाहोर पलीकडे गेले, म्हणून भारतातल्या पंजाबसाठी ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्याने नवे शहर उभे राहिले आणि 1 नोव्हेंबर 1966 रोजी हरियाणा वेगळे झाल्यावर त्या शहरावर दोघांचा हक्क राहिला, हा इतिहास त्या खुंटीभोवती आपोआप सांगितला गेला. ज्याने ही कल्पना केली, त्या कारागिराचे मनापासून कौतुक करावेसे वाटते.

जम्मू-काश्मीरच्या तुकड्यालाही दोन भोके आहेत आणि खुंटी एक. उन्हाळ्यात ती श्रीनगरला रोवायची आणि हिवाळ्यात जम्मूला हलवायची. सचिवालयाच्या फायली गाड्यांत भरून नेण्याची ती जुनी प्रथा मुलांनी खेळ म्हणून इतकी आपलीशी केली, की दिवाळीच्या सुमारास एकाने कोणी न सांगता खुंटी जम्मूला नेऊन ठेवली.

पण ही दृष्टी येथेच थांबते. हिमाचल प्रदेशाला शिमल्याचे एकच भोक आहे, जरी तेथील विधानसभेचे हिवाळी अधिवेशन धर्मशाळेला भरते. उत्तराखंडाला देहरादूनचे एकच भोक आहे, जरी 2020 मध्ये गैरसैण ही उन्हाळी राजधानी म्हणून घोषित झाली आहे. कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन जेथे भरते, त्या बेळगावीच्या सुवर्ण विधानसौधाची खूण कर्नाटकाच्या तुकड्यावर नाही. आणि मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे महाराष्ट्राच्या तुकड्यावर नागपूरची काहीही खूण नाही. नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडाची आणि पुढे जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भाने मराठी राज्यात येताना आपले राजधानीचे शहर सोडले. ते सोडताना 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात जे ठरले, त्यातूनच विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरते. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी मराठीत केलेल्या नकाशावर ही गोष्ट नसावी, याचे वाईट वाटते. पूर्ण उंचीच्या खुंट्या राजधान्यांसाठी असाव्यात आणि त्यांच्यासोबत पाच-सहा अर्ध्या उंचीच्या खुंट्या अशा दुसऱ्या ठिकाणांसाठी द्याव्यात, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी खर्च फारसा येणार नाही.

एका राज्याला एक खुंटी ही कल्पना तपासून पाहण्यासाठी मी मुलांना एक काम दिले. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला सरकारी कामासाठी कोठे कोठे जावे लागते, त्या प्रत्येक ठिकाणी काडेपेटीची एक काडी ठेवायची. पहिली काडी ओरोसला गेली. दुसरी नवी मुंबईतल्या बेलापूरला, कारण मुंबईच्या दोन जिल्ह्यांपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सात जिल्ह्यांच्या कोकण विभागाचे आयुक्तालय तेथे कोकण भवनात आहे. तिसरी मुंबईला मंत्रालयासाठी, चौथी हिवाळ्यातल्या अधिवेशनासाठी नागपूरला. पाचवी उच्च न्यायालयाची: 18 ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचे दावे मुंबईऐवजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचपुढे चालतात, म्हणून ती काडी घाट चढून कोल्हापूरला गेली. पाटावर पाच ठिकाणी काड्या पडल्या आणि नकाशाची लाल खुंटी मात्र एकट्या मुंबईत होती. राजधानी या एका शब्दात विधिमंडळ, सचिवालय आणि न्यायालय अशा वेगवेगळ्या गोष्टी आपण एकत्र बांधतो आणि प्रत्यक्षात त्या पुष्कळदा वेगवेगळ्या गावी राहतात, हे मुलांना या काड्यांनी दाखवले.

इतर राज्यांतही तेच आहे. ओडिशाची राजधानी भुवनेश्वर, पण उच्च न्यायालय कटकला, जी पूर्वीची राजधानी. केरळची राजधानी तिरुवनंतपुरम, उच्च न्यायालय एर्नाकुलमला. राजस्थानचे जोधपूरला, मध्य प्रदेशाचे जबलपूरला, उत्तर प्रदेशाचे प्रयागराजला, छत्तीसगडचे बिलासपूरला, उत्तराखंडाचे नैनितालला. आपल्या शेजारच्या गोव्याला तर स्वतंत्र उच्च न्यायालयच नाही, तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. शिवाय ते खंडपीठ आणि गोव्याची विधानसभा या दोन्ही इमारती पणजीत नसून मांडवीच्या अलीकडे पर्वरीला आहेत. आमच्याकडून पणजीला जाताना पुलावर चढण्याआधीच गोव्याची विधानसभा मागे पडते. आपल्या संविधानाच्या पहिल्या अनुसूचीत राज्यांची नावे आणि त्यांची क्षेत्रे दिली आहेत, पण राज्यांच्या राजधान्यांची यादी दिलेली नाही, हे मी मुलांना मूळ पुस्तक उघडून दाखवले. नकाशाच्या खोक्यावर "संविधानाप्रमाणे राज्ये व राजधान्या" असे छापले आहे, त्यातला दुसरा भाग त्यामुळे बरोबर ठरत नाही.

तुकड्यांच्या पाठी हा या नकाशाचा माझा सर्वांत आवडता भाग. प्रत्येक राज्याच्या तुकड्यामागे ते राज्य कोणत्या दिवशी अस्तित्वात आले, ती तारीख कोरलेली आहे. पावसाने वीज गेलेल्या एका संध्याकाळी मुलांनी सगळे तुकडे पालथे करून तारखांच्या क्रमाने जमिनीवर मांडले आणि नकाशाऐवजी आमच्यापुढे देशाच्या घडणीची एक ओळ तयार झाली. 1 नोव्हेंबर ही तारीख पुन्हा पुन्हा आली: 1956 मध्ये राज्य पुनर्रचनेची, 1966 मध्ये हरियाणाची, 2000 मध्ये छत्तीसगडची. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या पाठीवर एकच दिवस, 1 मे 1960. मणिपूर, मेघालय आणि त्रिपुरा यांच्यावर 21 जानेवारी 1972. तेलंगणावर 2 जून 2014.

या ओळीवर एका संध्याकाळऐवजी आम्ही आठवडा घालवला. स्वतंत्र आंध्र राज्याच्या मागणीसाठी उपोषण करताना 15 डिसेंबर 1952 रोजी पोट्टी श्रीरामुलू यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी 1 ऑक्टोबरला आंध्र राज्य झाले. त्याची पहिली राजधानी कर्नूल होती. 1956 मध्ये तेलंगणासह आंध्र प्रदेश झाल्यावर ती हैदराबादला गेली. 2014 मध्ये तेलंगणा वेगळे झाले तेव्हा हैदराबाद तेलंगणाच्या वाट्याला आले, पण दहा वर्षे, म्हणजे 2 जून 2024 पर्यंत, ते दोन्ही राज्यांची संयुक्त राजधानी राहिले. पाटावर हैदराबादचे भोक तेलंगणाच्या मधोमध आहे. दुसऱ्या राज्याच्या मधोमध आपली राजधानी असणे म्हणजे काय, हे मुलांनी बोट ठेवून पाहिले आणि मग खुंटी अमरावतीला आणली. आसामचे उलटे झाले: त्याची राजधानी शिलाँग होती, ती मेघालयाच्या पोटात गेली आणि आसामला दिसपूरला यावे लागले. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला होता, हे सांगितल्यावर मुलांनी तुकड्यांवर खडूने त्या रेषा काढून पाहिल्या. रंग उत्तम असल्यामुळे खडू ओल्या फडक्याने लगेच निघाला. संविधानाच्या अनुच्छेद 3 प्रमाणे संसद साध्या कायद्याने नवे राज्य निर्माण करू शकते आणि सीमा बदलू शकते. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत विचारावे लागते, पण ते बंधनकारक नसते. या खेळातल्या खाचा कायमच्या नाहीत, पुढच्या पिढीला वेगळे तुकडे मिळू शकतात, हे त्या आठवड्यात मुलांना जेवढे स्पष्ट कळले, तेवढे माझ्या वर्गात क्वचितच कळले असेल.

आणि नेमकी येथेच, तारखांमध्ये, एक चूक आहे. तीही आमच्या शेजारच्या तुकड्यावर. गोव्याच्या पाठीवर 19 डिसेंबर 1961 अशी तारीख कोरली आहे. तो गोवामुक्तीचा दिवस आहे, गोवा राज्य होण्याचा नव्हे. मुक्तीनंतर गोवा, दमण आणि दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला आणि गोव्याला राज्याचा दर्जा 30 मे 1987 रोजी मिळाला. मधल्या पंचवीस वर्षांत जे घडले, ते आमच्या भागातल्या माणसांना विसरता येण्यासारखे नाही. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल घेतला गेला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, असा सरळ प्रश्न होता आणि 34,021 मतांच्या फरकाने विलीनीकरणाविरुद्ध कौल गेला. माझ्या आईच्या माहेरची अर्धी माणसे पेडण्याची. त्या मताविषयी घरात झालेली बोलणी मी लहानपणी ऐकलेली आहेत आणि दोन्ही बाजूंनी ती मनापासून होती. एखाद्या प्रदेशातल्या माणसांनी मतपेटीतून आपली सीमा ठरवली, असा प्रसंग आपल्या देशात दुर्मीळ आहे. चुकीच्या तारखेमुळे तो सगळा काळच पुसला जातो. म्हणून ही चूक मला लहान वाटत नाही.

तेरेखोलविषयी मात्र मी निर्मात्याला दोष देत नाही. तेरेखोल नदी ही महाराष्ट्र आणि गोवा यांची सीमा, असे आपण ढोबळमानाने म्हणतो, आणि या नकाशातही गोव्याचा तुकडा नदीच्या रेषेवर कापला आहे. प्रत्यक्षात तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर काठावर, आपल्या बाजूला असूनही गोव्याचे आहेत. 50 किलोमीटरांच्या सेंटिमीटरात ते दाखवता येणार नाही. आमच्या मुलांनी ते गाव डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे त्यांनी ही गोष्ट स्वतःच निदर्शनास आणली.

मोडतोड एकच झाली आणि ती विचार करायला लावणारी होती. दुसऱ्याच आठवड्यात पश्चिम बंगालचा तुकडा सिलिगुडीजवळ, त्याच्या अरुंद मानेपाशी, मोडून दोन झाला. प्रत्यक्षातही ती पट्टी सर्वांत अरुंद जागी वीस-बावीस किलोमीटरच रुंद आहे, म्हणजे लाकडात अर्धा सेंटिमीटरही नाही. ईशान्येकडील सगळी राज्ये त्या मानेने उर्वरित देशाशी जोडलेली आहेत, हे मोडलेला तुकडा हातात घेऊन सांगता आले. शिवाय फाळणीनंतर पश्चिम बंगालचे उत्तर आणि दक्षिण भाग एकमेकांपासून तुटलेलेच होते. 1956 मध्ये बिहारमधला पूर्णियाचा काही भाग बंगालला दिला गेला, तेव्हा ते जमिनीने जोडले गेले. माझ्या हातातला तुकडा मोडला तो त्या जोडापासून फार लांब नव्हता. दुकानदारांनी कोणतीही कुरबुर न करता पंधरा दिवसांत नवा तुकडा दिला. तरी त्या जागी मागून पातळ पत्र्याची पट्टी लावल्याशिवाय हा तुकडा टिकणार नाही, असे माझे मत आहे. आम्ही गावातल्या सुताराकडून ती लावून घेतली.

केंद्रशासित प्रदेशांचे तुकडे न रंगवता कोऱ्या लाकडाचे ठेवले आहेत. राज्यांना स्वतःचे विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ असते, तर केंद्रशासित प्रदेशांचा कारभार राष्ट्रपती प्रशासकामार्फत पाहतात, हा भेद त्यामुळे नजरेत भरतो. परंतु दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीर यांना विधानसभा आहेत, बाकीच्या पाचांना नाहीत, हा पुढचा भेद दाखवलेला नाही. पुदुच्चेरीची एकच चकती तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आहे. तमिळनाडूतच असलेले कराईकल, केरळात असलेले माहे आणि आंध्रात असलेले यानम गाळले आहेत. फ्रेंचांच्या चार वसाहती मिळून झालेला हा प्रदेश, आणि त्याच्या चारपैकी तीन भागांना पाटावर जागा नाही. तीन छोटे ठिपके पुरले असते.

सोबतचे माहितीपत्रक मात्र बाजूला ठेवावे, हे उत्तम. त्यात नऊ केंद्रशासित प्रदेश दिले आहेत, तर पाटावर आठ आहेत. 31 ऑक्टोबर 2019 रोजी जम्मू-काश्मीर आणि लडाख झाले आणि 26 जानेवारी 2020 रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव यांचे एकत्रीकरण झाले. या मधल्या 87 दिवसांतच ती संख्या नऊ होती. पत्रक त्या दिवसांत छापून ठेवलेले असावे. अंदमानच्या राजधानीचे नावही त्यात पोर्ट ब्लेअर असेच आहे. ते 2024 पासून श्री विजयपुरम झाले आहे. पाट बरोबर आणि कागद चुकीचा असेल, तर मुले कागदावर विश्वास ठेवतात, म्हणून आमच्या खोक्यातून मी तो काढून टाकला.

आपल्या किनाऱ्यावर कोणतीही लाकडी वस्तू घ्यायची, तर पावसाचा विचार करावाच लागतो. जून संपेपर्यंत सगळे ठीक होते. आषाढात प्लायवूड फुगले. मध्य प्रदेश चारही बाजूंनी इतर राज्यांनी वेढलेला असल्यामुळे सर्वांत आधी तोच अडकला आणि सुरीच्या टोकाने उचलावा लागला. किनाऱ्यावरची राज्ये एका बाजूने मोकळी असल्यामुळे सहज निघत होती. तुकड्यांच्या कडांना मेणबत्तीचे मेण घासले आणि रात्री सगळे तुकडे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवू लागलो, तेव्हा त्रास कमी झाला. भाद्रपदानंतर तुकडे पुन्हा पूर्वीसारखे बसू लागले, पाट वाकला नाही. कोकणात विकायच्या वस्तूच्या खाचा अर्धा मिलिमीटर सैल ठेवाव्यात, ही गोष्ट सावंतवाडीच्या कारागिरांना मी सांगण्याची गरज नसावी.

तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती हा नकाशा देऊ नये. गोवा, सिक्कीम, दिल्ली हे तुकडे आणि सगळ्या खुंट्या तोंडात जाण्याएवढ्या लहान आहेत. पाचवीच्या पुढे मात्र मी तो निःशंक सुचवीन आणि घरापेक्षा शाळेसाठी किंवा वाचनालयासाठी अधिक आग्रहाने, कारण एकट्या मुलाचा नकाशा अर्ध्या तासात जोडून होतो आणि कपाटात जातो. त्याचे मोल वाढते ते दोन मुले एका तुकड्यावर वाद घालू लागतात तेव्हा. कागदी नकाशा दीडदोनशे रुपयांत मिळतो, त्याच्या तुलनेत ही किंमत जास्त आहे, पण आमच्या वाचनालयात गेली पाच वर्षे भिंतीवर टांगलेल्या नकाशाने जेवढे प्रश्न उभे केले नाहीत, तेवढे या पाटाने एका पावसाळ्यात उभे केले. विकत घेताना दुकानातच खोके उघडून सगळ्या खुंट्या मोजून घ्याव्यात, पश्चिम बंगालची मान पाहावी आणि गोव्याचा तुकडा पालथा करून तारीख वाचावी.

दुरुस्त्यांची यादी मी दुकानदारांच्या हाती दिली आहे आणि ती कारागिरांपर्यंत पोहोचवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. तोपर्यंत आमच्या तुकड्यापुरते काम ज्या मुलीने पणजीचा प्रश्न विचारला होता, तिने केले. गोव्याच्या पाठीवरच्या कोरलेल्या तारखेखाली तिने बारीक अक्षरांत "मुक्ती" असे लिहिले आणि त्याखाली उरलेल्या बोटभर जागेत "राज्य: 30 मे 1987".